कुंडी जमिनीला टेकू द्यायची नाही

पिंपळाचं झाड वीतभर उंचीवर थांबवता येतं. कसं थांबवतात ते आधी सांगतो. आपल्याकडं 'आम्ही बोन्साय केलेली माणसं' असं म्हणून टाळ्या घेणारे कवी पुष्कळ झालेत, पण त्यातल्या बहुतेकांनी झाडाचं मूळ हातात धरून कापलेलं नसतं. मी कापलंय. पुण्याकडं एका नर्सरीत दोन वर्षं रोजंदारीवर होतो, तिथं माझं कामच ते होतं.

रोपाचा बुंधा अंगठ्याएवढा झाला की त्याचं सोटमूळ कापायचं. बारीक तंतुमुळं तेवढी ठेवायची आणि रोप उथळ ताटलीत बसवायचं. माती थोडी, तिच्यात विटेची भरड, जाड वाळू, जुनं शेणखत. ताटलीच्या भोकातून तार ओवून झाड खाली बांधून टाकायचं, कारण सोटमूळ गेलेलं झाड आपल्या जोरावर उभं राहत नाही. मग फांद्यांना तांब्याची नाहीतर ॲल्युमिनियमची तार गुंडाळायची आणि मालकाला हव्या त्या दिशेला त्या वाकवायच्या. काही महिन्यांनी तार काढतात. काढायला उशीर झाला तर ती सालीत रुतते आणि वण कायमचा राहतो. वेळेवर काढली तरी फांदी परत सरळ होत नाही, तोवर तिचं लाकूडच तसं घडलेलं असतं. शेंडा वरचेवर खुडायचा. ऐन वाढीच्या दिवसात सगळी पानं देठाशी कापायची, म्हणजे नवी येतात ती बारीक येतात. आणि दर दोन-तीन वर्षांनी झाड ताटलीतून उपसून मुळांचा तिसरा हिस्सा छाटायचा, नवी माती घालून पुन्हा त्याच ताटलीत.

एवढं सगळं असूनही नर्सरीवाला ओरडायचा तो एका वेगळ्याच गोष्टीवरून. 'कुंडी खाली ठेवू नको रे, बाकावर ठेव!' कुंडी जमिनीला टेकली की भोकातून एखादं मूळ खाली उतरतं. पावसाळा असला तर महिन्या-दोन महिन्यांत ते मातीत घुसतं आणि झाड हां हां म्हणता जाड व्हायला लागतं, पानं मोठी येतात, दहा वर्षांचा घाट दोन पावसात मोडतो. म्हणून बोन्साय नेहमी बाकावर, कट्ट्यावर, उंचावर. लोकांना वाटतं मान म्हणून उंचावर ठेवलंय.

अजून एक गंमत. पान बारीक होतं, पण फळ बारीक होत नाही. हातभर उंचीच्या लिंबाला आलेलं लिंबू बाजारातल्या लिंबाएवढंच असतं. आणि त्या लिंबातली बी जमिनीत पडली तर तिचं झाड नेहमीसारखं वाढतं. खुजेपणा बीजात उतरत नाही. तो दर पिढीला पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

मराठीत या झाडाला वामनवृक्ष असा शब्द काढलाय. कुणी काढला ठाऊक नाही, पण ज्यानं काढला त्यानं जोतीरावांचं 'गुलामगिरी' वाचलेलं नसावं. वामन कोण? जो लहान होऊन आला, तीन पावलं जमीन मागितली आणि सगळी घेऊन बसला. डोक्यावर पाय ठेवून खाली ढकलला गेला तो बळी. आपल्या आयाबाया अजून दिवाळीत बळीचं राज्य येवो म्हणतात. मग ताटलीत दाबलेल्या झाडाला वामनाचं नाव कसं काय? नाव द्यायचंच तर बळीवृक्ष द्यायला पाहिजे होतं. पण नावं ठेवायची मक्तेदारी ज्यांच्याकडं, त्यांना असं सुचत नाही.

आता मुद्द्यावर येतो. बांगलादेशच्या ग्रामीण बँकेचे मुहम्मद युनूस यांनी २००६ साली नोबेल घेताना गरीब माणसाला बोन्सायची उपमा दिली होती. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की बीजात काही खोट नाही, समाजानं पायाखाली पुरेशी माती दिली नाही एवढंच. ऐकायला बरं वाटतं. आपल्या शिबिरांमधून सुद्धा हे उदाहरण फिरतं. मला ते अर्धवट वाटतं, आणि अर्धवट म्हणून धोक्याचं.

आमचं बेलापूर प्रवरेच्या काठचं जुनं गाव. (बेलापूर नावाचं रेल्वे स्टेशन मात्र श्रीरामपुरात आहे, गाव तिथंच राहिलं आणि नाव गाडीनं गेलं.) अशा जुन्या गावात कुठल्याही पडक्या वाड्याची भिंत बघा. दोन विटांच्या फटीत पाखरानं बी टाकलेलं असतं आणि तिथं पिंपळ उगवलेला असतो. माती किती? चिमूटभर. पाणी? पाऊस पडला तर. बोन्सायच्या ताटलीत त्याच्या शंभर पट माती असते, रोज झारीनं पाणी असतं, खत असतं. तरीही भिंतीतला पिंपळ सुरुवातीची वर्षं खुजा राहतो आणि एक दिवस भिंत फोडतो. त्याची मुळं दगडाच्या मागून उतरत उतरत जमिनीला लागतात. ताटलीतला पिंपळ शंभर वर्षांत ताटली फोडत नाही. फरक मातीचा असता तर उलट व्हायला पाहिजे होतं.

फरक कात्रीचा आहे. भिंतीतल्या पिंपळाकडं कुणाचं लक्ष नसतं, ताटलीतल्याकडं रोज असतं. नुसती माती कमी पडली असं म्हटलं की कापणारा हात चित्रातून निघून जातो. उरतं काय, तर दुर्दैव. आणि दुर्दैवावर उपाय म्हणून थोडी जास्त माती, कर्ज, पॅकेज, योजना. बाबासाहेबांनी १९१८ साली शेतीच्या लहान तुकड्यांवर निबंध लिहिला, तेव्हाच सांगितलं होतं की तुकडा लहान का मोठा हे नुसत्या आकारावरून ठरत नाही, त्या तुकड्याशी भांडवल आणि श्रम यांचं नातं काय आहे ते बघा. अर्थशास्त्राचा मुद्दा होता. पण नजर तीच लागते.

मित्रहो, आता अवघड भाग येतो. कात्री धरणारा हात दुष्ट असतो असं आपण गृहीत धरतो. बोन्साय करणाऱ्यांना मी जवळून पाहिलंय. ही माणसं झाडावर जीव लावतात. चार दिवस गावाला जायचं तर पाण्यासाठी माणूस लावून जातात. झाड आजारी पडलं तर जेवत नाहीत. एक बाई आपल्या वडाला बाळ म्हणायच्या आणि त्यात खोटं काही नव्हतं. झाड खुजं ठेवलं जातं ते रागापोटी नाही. मायेनं, रोजच्या पाण्यानं, शिस्तीनं ठेवलं जातं. मायेनं छाटलं म्हणून छाटणं छाटणं राहत नाही काय?

हा प्रश्न झाडाचा म्हणून सोडून दिला असता. पण आपल्या आज्या-पणज्यांच्या आयुष्यात याच मायेचं एक नाव होतं: वतन. महार वतन काय होतं ते नव्या पोरांना धड माहीत नाही, म्हणून सांगतो. हाडकी-हाडोळ्याच्या जमिनीचा तुकडा, बलुतं, आणि दारोदार फिरून मागायची भाकरी. त्याच्या बदल्यात सरकारचं आणि गावाचं चोवीस तासांचं काम. वतनदार घरी नसला तर घरातल्या दुसऱ्या कुणी जायचं. जमीन बाहेर विकता येत नाही, आणि प्रत्येक पिढीत तिचे वाटे पडत जातात. उथळ ताटली दुसरी काय असते? आणि रोजचं पाणीही होतं, ती मागून आणलेली भाकरी. आपल्यातलेच म्हातारे अभिमानानं सांगायचे की आम्ही बावन्न हक्काचे वतनदार. गावकीत मान होता म्हणायचे. बाकावर ठेवलेल्या कुंडीलाही मान असतोच.

बाबासाहेबांनी १९२७ साली 'बहिष्कृत भारता'त महार आणि त्यांचं वतन यावर लिहिलं आणि १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बिल आणलं. ते पास झालं नाही. त्यांचा राग दोन्हींवर होता. गावानं भाकरी कमी दिली म्हणून ते भांडत नव्हते. या भाकरीमुळं माणसाची महत्त्वाकांक्षा मरते, तो गाव सोडत नाही, दुसरा धंदा शोधत नाही, हे त्यांचं दुखणं होतं. आपल्याच लोकांना ते पटवणं सोपं नव्हतं. माझ्या घरचीच गोष्ट, चुलत आजा म्हणायचा, 'साहेब म्हणतात ते खरं, पण तुकडा सुटंल.' शेवटी कनिष्ठ गावकामगारांची वतनं कायद्यानं गेली ती १९५८ च्या कायद्यानं, बाबासाहेब गेल्यानंतर. आणि तार काढली तरी फांदी लगेच सरळ होत नाही, हे मी वर सांगितलंच आहे.

इथं एक फरक नीट ध्यानात घ्या, कारण उपमा माणसाला फसवते. झाडाच्या बाबतीत ताटली वारशानं जात नाही. बी खाली पडली की सुटली. जातीत उलटं आहे. बीजात काही नसतं, पण ताटली मात्र बापाकडून पोराकडं येते, आणि तिला धर्म म्हणतात. कुठल्याही बोन्सायवाल्यानं एवढी पक्की व्यवस्था अजून काढलेली नाही.

कुणी विचारेल, मग झाडाचं काय? झाडावर हा अन्याय नाही का? विनयपिटकात भिक्खूंसाठी नियम आहे की झाडझाडोरा तोडू नये. आळवीच्या भिक्खूंनी झाडं तोडली, लोकांनी नावं ठेवली, तेव्हा तो घातला गेला. नियम भिक्खूंना आहे. आपण उपासक, आपल्याला शेत नांगरायचं असतं, ऊस तोडायचा असतो. झाडाला मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, आपल्याला कळतं तसं दुखणं त्याला होत असेल असं मानायला आधार नाही. नीट सांभाळलेलं बोन्साय तर जमिनीतल्या भावंडाएवढं, कधी त्याहून जास्त जगतं. जपानातलं एक पाइनचं झाड १६२५ सालापासून कुंडीत आहे. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा ते तिथंच यामाकी नावाच्या घराण्याच्या बागेत होतं. जगलं. १९७६ साली यामाकींनी ते अमेरिकेला भेट दिलं आणि आज ते वॉशिंग्टनच्या सरकारी उद्यानात आहे. बॉम्ब टाकणाऱ्याच्याच घरी. त्या झाडाकडं बघून मला क्रौर्य दिसत नाही. चारशे वर्षं कुणी ना कुणी त्याला पाणी घातलंय, ही साधी गोष्ट नव्हे. तेव्हा बोन्साय हे पाप आहे म्हणून नर्सऱ्यांवर मोर्चा काढा, असं मी सांगणार नाही. झाड छाटणं हा माझ्या लेखी गुन्हा नाही. माणसाला झाडासारखं छाटून वर कला म्हणणं हा आहे.

जपानचा विषय निघालाय तर अजून एक सांगतो, हे आपल्याला कुणी सांगत नाही. झाडं-दगड मांडून निसर्ग लहान करायची जी जपानी बाग, बोन्साय जिची धाकटी बहीण, त्या बागा पंधराव्या शतकात कुणी केल्या? क्योटोत कावारामोनो म्हणून लोक होते. अर्थ, नदीकाठचे. पुराच्या, कर नसलेल्या जमिनीवर राहायचे. मेलेली जनावरं ओढायची, कातडं कमवायचं, विहिरी खणायच्या. ओळखीचं वाटतंय ना? त्यांच्यातल्या झेनामी नावाच्या माणसानं अशिकागा योशिमासा या शोगुनाच्या बागा केल्या आणि सगळ्या राजधानीत नाव मिळवलं. त्याचा नातू मातशिरोही बागाच करायचा. १४८९ सालच्या एका झेन मठाच्या रोजनिशीत त्याचं बोलणं नोंदलंय. आपण खाटकाच्या घरात जन्मलो याचं त्याला दुःख होतं, म्हणून जीव घेणार नाही आणि लोभ धरणार नाही असं त्यानं ठरवलं होतं. शोगुनाची बाग करणारा माणूस, आणि तोंडातून निघतं ते जन्माचं दुःख! त्या बागा पाहायला आज जगभरचे लोक जातात, शांती अनुभवतात. त्याच जपानात बहिष्कृतांच्या वारसांनी ३ मार्च १९२२ ला क्योटोमध्ये सुइहेइशा ही संघटना काढली. सगळं समतल करणारी, असा नावाचा अर्थ. महाडच्या पाच वर्षं आधी.

मला यात दिसतं ते हे. कात्री हातात असणं आणि आकार ठरवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. नर्सरीत कात्री माझ्या हातात होती. फांदी कुठं वाकवायची ते बंगल्यातून ठरून यायचं. गावगाड्यातही वेशीवर काठी घेऊन उभा राहणारा वेसकर आपलाच असायचा. कुणाला आत घ्यायचं ते तो ठरवत नव्हता. म्हणून कार्यकर्त्यानं कात्री दिसली की तिच्यामागचा हात बघावा, आणि हात दिसला की तिथं न थांबता नकाशा कुणाच्या घरात आहे ते विचारावं.

हे हवेतलं बोलणं नाही. आपल्या नगर जिल्ह्यात, आता अहिल्यानगर म्हणतात, झाड या शब्दाचा एक वेगळाच अर्थ झालाय. २०१४ च्या एप्रिलमध्ये खर्ड्याला शाळेत शिकणाऱ्या आपल्या एका पोराला मारून झाडाला लटकावलं. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो म्हणून. २०१७ साली सत्र न्यायालयात आरोपी सुटले. बरेच साक्षीदार फिरले होते. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये आमच्याच तालुक्यात, हरेगावला, शेळी आणि कबुतरं चोरल्याच्या संशयावरून चौघा तरुणांना झाडाला उलटं टांगून काठ्यांनी मारलं. हरेगाव म्हणजे बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्याचं गाव, या भागात कधीकाळी नव्या युगाची खूण म्हणून सांगितलं जायचं. तिथली झाडं कुणी छाटली नव्हती, चांगली मोठी वाढलेली होती. म्हणून नुसतं वाढू द्या, वाढू द्या, असं म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. कुणाच्या जमिनीवर वाढलेलं झाड आणि त्याच्या फांदीवर हुकूम कुणाचा, हे आधी. खर्ड्याचं पोर ताटलीबाहेर गेलेली फांदी होती. शाळेत जात होतं, तोंड वर करून बोलत होतं. कात्रीनं भागलं नाही तिथं दोर आला.

आता विहाराची गोष्ट. गेल्या वर्षी बुद्धजयंतीच्या आधी आमच्या वस्तीच्या बैठकीत सूचना आली की मूर्तीशेजारी पिंपळाचं बोन्साय ठेवावं. पुण्यात नोकरीला असलेला एक बांधव आणून द्यायला तयार होता. जागा कमी, बोधिवृक्ष तर पाहिजे, शिवाय दिसायला सुंदर. किंमत ऐकून काहींनी डोळे मोठे केले, बाकीच्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात एक आत्या म्हणाल्या, 'ज्या झाडाखाली बुद्ध बसला त्या झाडाखाली आता उंदीर बी बसायचा नाही व्हय?' सगळे हसले. मी हसलो नाही, कारण एवढ्यावर ठराव बारगळला तर विचार अर्धाच राहील असं वाटलं. बोधिवृक्षसुद्धा एकदा कुंडीत बसलेला आहे. महावंसात कथा आहे: संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन लंकेला गेली ती सोन्याच्या कुंडीत लावून, जहाजातून. म्हणजे कुंडी नको असं धम्मात कुठं नाही. पण अनुराधपूरला पोचल्यावर फांदी जमिनीत लावली. कुंडी प्रवासापुरती होती. पुढं त्या झाडाच्या फळातून आठ रोपं झाली आणि बेटावर ठिकठिकाणी गेली. आपल्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्षही अनुराधपूरचाच वंश, भदन्त आनंद कौसल्यायन यांनी १९६८ साली लावलेला.

मग कसोटी लावायची ती ही, की कुंडी प्रवासाची आहे का मुक्कामाची. वसतिगृह, शिष्यवृत्ती, राखीव जागा, संस्था, फेलोशिप, पक्षाचं तिकीट, सगळ्या कुंड्याच आहेत. आरक्षणाला कुबड्या म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत बसत नाही. ज्याचं सोटमूळ तुम्ही हजार वर्षं कापत आलात त्याला काही काळ आधार लागतो, यात लाज कसली? पण आपल्या आपल्यात मात्र हिशेब चोख पाहिजे. बाबासाहेबांचाच हिशेब बघा. १९३२ च्या पुणे करारात राखीव जागा वाढून १४८ झाल्या आणि स्वतंत्र मतदारसंघ गेले. ताटली मोठी मिळाली, तार दुसऱ्याच्या हातात राहिली. त्या जागांवरून निवडून येणारी माणसं कुणाच्या मतावर येतात आणि कुणाकडं बघून बोलतात, हे त्यांनी पुढची वीस वर्षं पाहिलं. आणि १९५५ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशननं ठराव केला की कायदेमंडळातल्या राखीव जागा बंद करा. नोकऱ्यांतल्या, शिक्षणातल्या नाही, कायदेमंडळातल्या. एकच माणूस एक कुंडी हातात घेतो आणि दुसरी फोडा म्हणतो, यात विसंगती नाही. पहिलीतून मूळ खाली उतरत होतं, दुसरीचं दर पाच वर्षांनी छाटलं जात होतं. आज तुमच्या तालुक्यात कुणाला कुठल्या कुंडीत बसवलंय, ते नावानिशी मी लिहिण्यापेक्षा तुम्हीच एकदा मोजा.

आणि कुंडी टेकवायला जमीन लागते. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह १९५९ साली केला, पुन्हा १९६४ साली केला, हजारो लोक तुरुंगात गेले ते याच्यासाठी. आमच्या भागात कंपनीची जमीन कमाल जमीन धारणेच्या १९६१ च्या कायद्यानंतर शेती महामंडळाकडं गेली आणि पुष्कळ लढ्यानंतर मूळ खंडकऱ्यांना परत मिळायला लागली. मिळाली ते बरंच झालं. पण त्याच मळ्यांवर दोन-तीन पिढ्या राबलेल्या भूमिहीनाच्या नावावर सातबारा किती झाले, हे तुम्ही आपल्या ओळखीच्या चार घरात जाऊन विचारा.

विहारात बोन्साय आलं नाही. एका पडक्या वाड्याच्या भिंतीतला पिंपळ काढून आणला. वाड्याच्या मालकाला भिंत वाचवायचीच होती. काढताना जरा मूळ तुटलं, पण जगला. तेलाच्या डब्यात लावलाय. कायमची जागा कुठं द्यायची यावर मात्र अडलंय. गवंडीकाम करणारा आमचा एक भाऊ म्हणतो, विहाराला खेटून लावाल तर हाच पिंपळ दहा-पंधरा वर्षांत विहाराची भिंत घेऊन जाईल, तीस फूट तरी लांब पाहिजे. विहाराची जागा एवढी नाहीच. म्हणून शेजारच्या मोकळ्या जागेसाठी ग्रामपंचायतीकडं अर्ज दिलाय, त्यावर एकशे बारा सह्या आणि अंगठे आहेत. डब्यावर ऑइलपेंटनं लावल्याची तारीख लिहिलीय. अर्जाला उत्तर आलेलं नाही. परवा अंगण झाडताना पोरांनी डबा सरकवायला बघितला तर सरकेना.